डोली वळेल एवढा जिना

(महाड. सह्यगिरी अपार्टमेंट, जुलै महिना, सकाळचे अकरा. तळमजल्यावरून एकच जिना वर तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि तोच खाली बेसमेंटमध्ये उतरतो. वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी तिसऱ्या मजल्यावरच्या बनुबाई बसल्या आहेत, मांडीवर लांब बांबू आडवा. समोर मंडप डेकोरेटर प्रवीण.)

प्रवीण : काकी, शेवटचं सांगतोय. ऊठ.

बनुबाई : शेवटचं तू मगाशी पण सांगितलंस. चहाच्या आधी पण सांगितलंस. तुझं शेवटचं संपत नाय आणि मी काय उठत नाय.

प्रवीण : अगं, टाइम काय, तू करतेस काय! चार वाजता भरती हाय. महाबळेश्वरला कालपासून धो धो चाललाय. पोलादपूरवरनं मेहुण्याचा फोन, सावित्री लालभडक होऊन चाललीय म्हणून. पुराचा भोंगा वाजला की तासाभरात पाणी रोडला. आणि माझा अर्धा माल अजून खाली बेसमेंटात!

बनुबाई : मग काढ की. तुला कोण अडवतंय?

प्रवीण : तू! मधोमध बसलीस बांबू टाकून!

बनुबाई : बाहेर जायला वाट सोडलीय मी. दारात चंदूचा टेम्पो उभा हाय. खालनं काढ, टेम्पोत घाल. वरच्या पायऱ्यांवर आणखी एक पोतं चढू देणार नाय.

प्रवीण : टेम्पोत घालून नेऊ कुठं? दरवर्षी जिन्यातच ठेवतो ना! या बिल्डिंगची पद्धतच हाय. भोंग्याची हवा झाली की जिना ज्याला माल वाचवायचाय त्याचा. गणपतीपर्यंत कोणी ब्र काढत नाय. तू पण इतक्या वर्षांत कधी बोलली नाय.

बनुबाई : नाय बोलले. चुकले. आज बोलते.

प्रवीण : आजच कशाला? खालीपिली माझ्या सीझनच्या तोंडावर?

बनुबाई : तुझा सीझन गणपतीचा. माझा मंगळवारी येऊन गेला. इसरलास?

प्रवीण : परत मंगळवार! अगं, खाली बेसमेंटात बोर्डात स्पार्क झाला, दोन फोमच्या गाद्या पेटल्या, मीच ओला गालिचा टाकून विझवल्या. हे बघ, हाताला फोड. कोण मेलं काय? कोणाच्या केसाला धक्का लागला काय?

बनुबाई : तुझ्या हाताला हळद लावली काय?

प्रवीण : लावली.

बनुबाई : हळद नको. डॉक्टरकडं जा. आणि पोतं खाली ठेव, कवापासनं खांद्यावर घेऊन उभा हायस. मी काय हलत नाय.

अपेक्षा : काय चाललंय हे? शाळेला सुट्टी दिली म्हणून जरा घरात टेकले होते, तर दुसऱ्या मजल्यापर्यंत आवाज! बनुकाकी, तुम्ही इथे का बसलात?

प्रवीण : बरं झालं मॅडम आल्या. तुम्ही सेक्रेटरी ना सोसायटीच्या? सांगा हिला. सकाळपासनं धरणं धरून बसलीय.

अपेक्षा : काकी, त्याचं नुकसान होईल हो. पाण्याचा भरवसा नाही. आज जाऊ द्या, पूर ओसरला की आपण मीटिंग लावू.

बनुबाई : मीटिंग लाव. मी हितंच हाय, मीटिंग हितंच घेऊ. आणि येताना तो कागद घेऊन ये.

अपेक्षा : कुठला कागद?

बनुबाई : कुठला बोलते! आगीच्या बंबाचा साहेब आला होता होळीच्या आधी. बिल्डिंग बघून गेला. मग कागद आला. तुझ्या फाइलीत हाय.

अपेक्षा : तुम्हाला कोणी सांगितलं?

बनुबाई : साहेब माझ्या घरी पाणी प्यायला ना. ह्यांना खाटेवर बघितलं. म्हणाला, आजी, आग लागली तर यांना खाली कसं न्याल? मला हसायला आलं. म्हटलं, साहेब, महाडात आग कसली इचारता, हितं पाणी येतं. पाण्याला घाबरून तर माझ्या पोरानं, दीपकनं, तिसरा मजला घेतला. साहेब हसला नाय. म्हणाला, सोसायटीला नोटीस धाडतो. तवा मला कळलं नाय. मंगळवारी कळलं.

प्रवीण : मॅडम, नोटीस आलीय? मला कोण बोललं नाय.

अपेक्षा : आलीय. म्हणजे, मी सर्वसाधारण सभेत ठेवणार होते. आधी परीक्षा आल्या, मग मे महिन्यात अर्धी बिल्डिंग गावाला.

बनुबाई : आता सगळे हायत. वाच.

अपेक्षा : आत्ता?

बनुबाई : फोनमध्ये फोटो असेल की. तू सगळ्याचा फोटो काढतेस.

अपेक्षा : ...आहे. वाचते. "सदर इमारतीत तळघराचा जिना व वरील मजल्यांचा जिना सलग असून तळघरात आग लागल्यास धूर थेट वरच्या मजल्यांवर जाण्याचा धोका आहे. सबब तळमजल्याच्या पातळीवर भिंत घालून अथवा आपोआप बंद होणारा अग्निरोधक दरवाजा बसवून दोन्ही जिने परस्परांपासून वेगळे करावेत. जिन्यात कोणतीही वस्तू, तात्पुरत्या स्वरूपात का होईना, ठेवू नये. तळघरात ज्वलनशील माल व इंधन साठवू नये..."

प्रवीण : बास बास. हे नवीन टॉवरवाल्यांसाठी असतं मॅडम. आपली बिल्डिंग शहाण्णवची. तेव्हा असले कायदे होते काय? बिल्डरनं नकाशा पास करून बांधलीय.

बनुबाई : धूर नकाशा बघून येतो काय रे? शहाण्णवची बिल्डिंग हाय, राहू दे, पुढल्या गल्लीत जातो, असं बोलतो काय?

प्रवीण : मी तसं बोललो नाय.

बनुबाई : तसंच बोललास.

अपेक्षा : प्रवीण, इथे स्पष्ट लिहिलंय, जुन्या इमारतीलासुद्धा.

प्रवीण : बरं, बसवू दरवाजा. गणपती झाले की बसवू. आणि दिवसाचा दगड लावून उघडा ठेवू, नाहीतर माझा माल आत-बाहेर कसा करायचा? हात दोनच हायत मला.

बनुबाई : ऐक गो अपेक्षा! आपोआप बंद होणारा दरवाजा आणायचा आणि त्याला दगड लावायचा. मग दगडच आण ना, दरवाजा कशाला?

प्रवीण : काकी, तू मस्करी कर. तुझं काय जातंय? तू तिसऱ्या मजल्यावर. एकवीसचा पूर तू खिडकीतनं बघितलास, मी खालनं बघितला. बेसमेंट छतापर्यंत भरलं होतं. सात दिवस चिखल उपसला. बापानं स्वतः कोरलेलं सागवानी मखर होतं, फुगून फाटलं. गणपतीत लोकं फोन करायची, प्रवीण, ते मखर पाठव रे. काय सांगू? आजपण कोण विचारलं तर मी फोन ठेवतो. त्या दिवसापासनं ठरवलं, आभाळ भरलं की माल वर. मग कोणी काय पण बोलो.

बनुबाई : माहीत हाय मला.

प्रवीण : आणि तीन दिवस तुला पिण्याचं पाणी कोणी आणून दिलं? छातीएवढ्या पाण्यातनं? याच जिन्यानं?

बनुबाई : तूच दिलंस. गावाला गेले की तुझं नाव घेते मी. उमरठच्या बाजारात सांगते, आमच्या बिल्डिंगीत प्रवीण म्हणून हाय, पोटच्या पोरासारखा. पण तवा जिना मोकळा होता म्हणून कळशी घेऊन चढलास. आज चढून दाखव. सकाळी मी दूध आणायला गेले तेवढ्यात पहिल्या वळणावर सात पोती आणि खुर्च्यांचा ढीग लावलास. मला दूध घेऊन आडवं होऊन जावं लागलं. मी आडवी होते. ते कसे होणार?

प्रवीण : काकांना उचलू ना आम्ही. वेळ आली तर चार पोरं उचलू.

बनुबाई : मंगळवारी वेळ आली होती.

अपेक्षा : काकी...

बनुबाई : नाय, बोलू दे. तुमी सगळी महाडची माणसं. धोका बोलला की तुमचे पाय वर धावतात. बयाबाई पहिल्या मजल्यावरनं ओरडत वर आली, माझ्या दारात. बनुबाई, दार उघड, मी वर आले! तिच्या मागनं धूर वर आला. म्हटलं, बाई, पाणी नाय, आग हाय, खाली जा! तवा तिला कळलं. परत खाली पळाली, जिन्याच्या तोंडाशी तवा पण तुझ्या खुर्च्या होत्या, त्यांत पाय अडकून पडली. गुडघा बघितलास तिचा?

प्रवीण : बघितला. जाऊन आलो मी.

बनुबाई : आणि मी दार लावलं. चादर भिजवून फटीला लावली. खिडकी उघडली. खाली सगळे रस्त्यावर जमलेले. कोण रडतंय, कोण फोन करतंय. आणि कोणतरी मोठ्यानं बोललं, सगळे आले, सगळे आले खाली. मी वरनं ऐकलं.

प्रवीण : गडबडीत कोण बोललं असेल.

अपेक्षा : मी बोलले.

प्रवीण : मॅडम, तुम्ही?

अपेक्षा : मीच. माझ्याकडे यादी होती, फ्लॅटवार. शाळेत हजेरी घेते तशी घेतली. तीनशे एकवर आले तेव्हा वाटलं, काकी खाली आल्याच असतील. नजरेनं शोधलंसुद्धा नाही. काका येऊ शकत नाहीत हे मला माहीत होतं आणि तरी मी "सगळे आले" म्हणाले. मग वर बघितलं तर तुम्ही खिडकीत. त्यानंतर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत मला.

बनुबाई : काय बोलू? तुझ्यावर राग नाय गो. रात्री तूच ताक घेऊन आलीस, घसा जळतो म्हणून.

अपेक्षा : राग काढा, काकी. मला बरं वाटेल.

बनुबाई : तुला बरं वाटायला नाय बसले मी हितं. धर हे टोक.

अपेक्षा : बांबूचं?

बनुबाई : प्रवीण, तो गालिचा आण. जाड, लाल. ह्यांच्या वजनाचा होईल, आता हाडंच उरलीत. आणि ही माझी घोंगडी, बांबूला बांध. अशी नाय! गाठ बाहेरच्या अंगाला. डेकोरेटर हायस ना?

प्रवीण : ही काय डोली?

बनुबाई : डोलीच. आमच्या वाडीपर्यंत अजून गाडी जात नाय. ह्यांचं अर्धं अंग गेलं तवा आठ जणांनी आळीपाळीनं उमरठच्या रोडपर्यंत आणलं असंच. मी पण खांदा दिला. दीड कोस. एकदा पण खाली ठेवली नाय. का माहीत हाय? वाडीत कोण वाटेच्या कडेला दगडाचा गडगा घालायला निघाला की आधी डोली वळवून बघतात. वळली तर गडगा राहतो. अडकली तर पाडायचा. मग तो पाटलाचा असो नायतर माझ्या सख्ख्या दिराचा. माझ्या दिराचा पाडलाय. चार वर्सं बोलत नव्हता. मग त्याच्याच बायकोला कळा सुटल्या आणि त्याच वाटेनं नेली.

प्रवीण : इथं जिना हाय काकी, डोंगर नाय.

बनुबाई : म्हणून तर बघायचंय. उचल. मी पुढं, तू मागं. वर जाऊ आणि वळणावरनं खाली वळवू. वळली तर मी उठते. तुझी पोती जिन्यात राहतील, वर्सभर राहतील, तोंड उघडणार नाय.

प्रवीण : बोललीस हां? मॅडम साक्षीला.

अपेक्षा : काकी, तुम्हाला झेपेल का? मी धरते पुढून.

बनुबाई : तू पोती बघ. चल रे. हळू. हां. आता वळव.

प्रवीण : थोडी तिरकी कर... अजून... पुढचं टोक वर घे.

बनुबाई : वर घेतलं की डोकं खाली जाईल. ते पाणी पण गिळत नायत धड, डोकं खाली करून कसं चालेल?

प्रवीण : मग उभी कर.

बनुबाई : गालिचा उभा राहील. माणूस घसरेल.

प्रवीण : ही एक खुर्ची सरकवा मॅडम... आता ती गादी... नाय, गादी नको, वरची पोती येतील अंगावर. थांब. मागं घेतो.

बनुबाई : मागं कशाला घेतोस? धूर मागनंच येतोय.

प्रवीण : अडकली, काकी. खांद्याला लागतंय. ठेवू या.

बनुबाई : ठेव. बघितलंस?

प्रवीण : बघितलं. सामान काढलं तर वळेल.

बनुबाई : सकाळपासनं दुसरं काय बोलतेय मी?

प्रवीण : पण मी माल ठेवू कुठं ते पण बोल ना! नुसतं काढ काढ!

बनुबाई : तुझ्या घरात ठेव. पहिल्याच मजल्यावर हाय. पाणी येत नाय तिथं.

प्रवीण : घरात? डोकं ठिकाणावर हाय काय? दीडशे किलो फोम, पडदे, प्लास्टिकची फुलं. घरात गॅस चालू असतो, आई देवाजवळ समई लावते, लहान मुलं हायत. एक ठिणगी पडली तर...

बनुबाई : हां. बोल.

प्रवीण : काय बोलू?

बनुबाई : ठिणगी पडली तर काय?

अपेक्षा : राहू द्या, काकी. त्याला कळलं.

बनुबाई : त्याच्या तोंडनं ऐकायचंय मला. स्वतःच्या घरात नको, जिन्यात चालेल. जिन्यात कोण राहतंय, नाय काय? त्या जिन्याच्या टोकाला आमी राहतो रे!

प्रवीण : ...तसा विचार केलाच नव्हता. देवाशपथ. पाणी एवढंच दिसायचं डोळ्यासमोर.

बनुबाई : माझ्या पण. तुला एकट्याला बोलत नाय.

अपेक्षा : प्रवीण, तुझ्या सासऱ्यांची गिरणी आहे ना पोलादपूरला? बंद असते, मोठी शेड आहे म्हणाला होतास. तिथे पाणी येत नाही.

प्रवीण : सासऱ्याकडं? मॅडम, लग्नात बोलला होता तो, मंडपवाल्याला मुलगी देतोय, त्याच्याकडं काय, चार बांबू आणि एक टेम्पो. त्याच्या दारात टेम्पो घेऊन जाऊ? माल ठेवा म्हणून?

बनुबाई : जा. मान खाली घालून नको जाऊ. सांग त्याला, माझ्या बिल्डिंगीत माणसं राहतात, म्हणून आलोय.

प्रवीण : तू नाय ओळखत त्याला.

बनुबाई : तो मला ओळखत नाय. नाय बोलला तर मला फोन लावून दे.

अपेक्षा : आणि परत आणून बेसमेंटमध्ये ठेवायचा नाही. दरवाजा बसेपर्यंत खाली काहीही नको. जनरेटरचं डिझेल तर कायमचंच नको. मी आज लेखी देते, माझ्या सहीनं.

प्रवीण : असं लगेच? मग मीपण सांगतो, मीटिंगला मी विरोधात बोलणार. दरवाजाला नाय, दरवाजा बसवा. पण बेसमेंट मी विकत घेतलंय, भाड्यानं नाय. धंदा बंद नाय करणार. रिकामं करतोय ते काकीच्या डोलीसाठी, त्या कागदासाठी नाय. लिहून घ्या.

बनुबाई : बोल, खुशाल बोल. मी पण बोलेन. आवाज कोणाचा मोठा ते अख्ख्या महाडाला माहीत हाय.

प्रवीण : चंदू! ए चंदू! टेम्पो मागं घे, थेट पायरीला लाव! वळणावरचं आधी काढायचंय! ...काकी, आता तरी ऊठ. माझ्या पायात येतेस.

बनुबाई : तुझ्या पायात नाय, तुझ्या पोत्यांच्या पायात. हे बघ, सरकले. एवढंच.

अपेक्षा : गेला. काकी, मला वाटलं नव्हतं तो ऐकेल.

बनुबाई : मला पण नव्हतं वाटलं. भाकरी बांधून आणली होती संध्याकाळची.

अपेक्षा : चला आता वर. तीन तास झाले तुम्हाला. काका एकटे असतील.

बनुबाई : एकटे कशाला? शेजारची मंजुळा बसलीय उशाशी. पेज भरवली असेल तिनं.

अपेक्षा : तरी तुमची वाट बघत असतील.

बनुबाई : बघू देत. मी बोलत नाय त्यांच्याशी. मंगळवारपासनं.

अपेक्षा : काकांशी? भांडलात?

बनुबाई : त्यांचे शब्द धड फुटत नायत आता. अर्धं बोलतात, अर्धं मी समजून घेते. पण त्या दिवशी नीट फुटले. मी चादर लावत होते दाराला आणि हे चांगल्या हातानं माझं मनगट धरून म्हणतात, माझी शपथ घे. पुढल्या खेपेस धूर आला तर तू खाली जा. मला राहू दे. माझ्यापायी जळू नको.

अपेक्षा : मग?

बनुबाई : मग काय? हात सोडवून घेतला. चादर सुकत चालली होती, रडायला पण टाइम नव्हता. तवापासनं भरवते, अंग पुसते, कूस बदलते. बोलत नाय. चाळीस वर्सं एका घरात काढली आणि मला सांगतात, तू जा. अशा माणसाशी काय बोलायचं?

अपेक्षा : काकी, रडू नका. चला, मी येते तुमच्याबरोबर.

बनुबाई : नाय. शेवटचं पोतं टेम्पोत पडेपर्यंत मी हितनं हलत नाय. तू जा वर. त्यांना सांग.

अपेक्षा : काय सांगू?

बनुबाई : सांग, दोघं उतरू एवढी वाट केलीय.